बारा शब्द

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीने लॉ कॉलेजच्या अर्जासोबतचा निबंध बाबांपुढे ठेवला. “साठ जागा, हजारो अर्ज. पाचशेच शब्द चालतात आणि माझे बारा जास्त झालेत.” तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाबांनी लाल पेन्सिलीने एकच वाक्य खोडलं: ‘छापखान्यातून बाबांना काढले, तेव्हा कोर्टात कसे जायचे हे घरात कुणालाच माहीत नव्हते.’ “मोजून बारा,” ते म्हणाले. “बाबा, म्हणूनच तर वकील व्हायचंय मला.” “माझं रडगाणं कशाला चारचौघांत? तुझी बक्षिसं वाचू देत त्यांना.” तिने पेन्सिल घेऊन बक्षिसांच्या दोन ओळी खोडल्या. मग बाबांच्या वाक्याखाली, लहानपणी त्यांनी शिकवलेली खूण केली: प्रत्येक शब्दाखाली एक ठिपका, म्हणजे हे खोडायचं नाही. बाबांनी नजरेने ठिपके मोजले. शेवटच्या शब्दाखालचा तेवढा राहिला होता. तो त्यांनीच दिला.