चौथा पाहुणा

"तिघंजण कधी पोरगी पाहायले जातात काय, मनोहरराव?" असं म्हणत सदाशिवराव गाडीत बसलेसुद्धा.

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. सुलोचनाबाईंनी मुलाकडे पाहिलं. नयन खिडकीबाहेर पाहत होता. या पावसाळ्यापासून तो बहुतेक तिकडेच पाहत असे.

"काकाजी, तुम्ही काऊन तकलीफ घेता? वांग्याचा तोडा सुरू असन तुमचा," मनोहरराव म्हणाले.

"शेजारी कशाले असते मंग? अन् मी त पहाटपासून जागाच असतो. झोप येते कुठं?"

गाडी केळझरहून वर्ध्याकडे निघाली. यंदा गावातली तीन पोरं मुलगी पाहून आली होती आणि एकानेही सदाशिवरावांना नेलं नव्हतं. म्हणून आज ते इस्त्रीचा दुपट्टा घालून गाडीच्या दारातच येऊन उभे राहिले होते.

नयन तसा बोलका मुलगा. बाजारात भाजी विकता विकता गिऱ्हाइकाला हसवायचा. आता हो, नाई आणि जेवलो, एवढ्यावर आला होता. लग्नाचं वय झालं, असं गावाने निदान केलं होतं. सुलोचनाबाईंचं एकच म्हणणं होतं, पोरगा बोलला पाहिजे. आपल्यापाशी नाही तर निदान त्या मुलीपाशी.

मुलीचं घर एका नव्या लेआउटमध्ये होतं. घरातल्या थोरल्या वच्छलाबाईंनी पाहुण्यांना बसवलं. मुकेश नावाच्या घरातल्याच एका तरुणाने पोहे आणले. सदाशिवरावांना ते खटकलं.

"पोहे पोरीनं आणाचे असतात न जी?"

"तिले तिचं काम असते," वच्छलाबाई म्हणाल्या.

मुलगी, अंकिता, आली आणि खुर्ची ओढून सरळ समोर बसली. मान खाली वगैरे काही नाही.

"काय करता तुम्ही?" सदाशिवरावांनी सुरुवात केली.

"मानसोपचार. लोक बोलतात, मी ऐकते."

"त्याच्यासाठी शिकावं लागते?"

"गप्प बसायला शिकावं लागलं, काकाजी. नागपूरला पाच वर्षं गेली."

"अन् हे सुचलं कसं?"

"सेलूच्या बाजारात आजोबांचं भाजीचं दुकान होतं. मी बाजूला पोत्यावर बसायची. बाया पालक घ्यायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या. सासू, जाऊ, नवऱ्याचा खोकला. आजोबा फक्त 'मंग?' म्हणायचे. बाई हलकी होऊन जायची आणि पालक तिथंच विसरायची. मला वाटलं, हा धंदा पालकाशिवायही जमेल."

सदाशिवरावांनी मान हलवली. "दवाखाना कुठं आहे?"

"आधी एसटी स्टँडसमोर होता. मोठा बोर्ड लावला होता. लोक पायऱ्या चढायचे, ओळखीचं कुणी दिसलं की शेजारच्या टेलरकडे वळायचे. वर्षभरात टेलरने दुसरी मशीन घेतली. एका गृहस्थांनी तर लागोपाठ चार सफारी शिवल्या. मग मी बोर्ड काढला. आता घरीच बसते."

"इथं येतात लोकं?"

"येतात. पाहुण्यांसारखे येतात."

मुकेशला ठसका लागला. वच्छलाबाईंनी त्याला पाणी दिलं.

"सल्ले देत असान मस्त," सदाशिवराव म्हणाले.

"सल्ला नाही देत."

"मंग फायदा काय? मी त फुकटात देतो."

"म्हणूनच मला द्यायला उरत नाही."

मनोहरराव नको तेवढ्या जोरात हसले. सदाशिवराव हसले नाहीत. चमच्याने पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करत राहिले.

"म्हाताऱ्या माणसाचंही ऐकता काय?"

"ऐकते की."

"नाई, आपलं इचारलं."

मग रीतीप्रमाणे मुलाला आणि मुलीला आतल्या खोलीत बोलायला पाठवलं. दार लागलं. बाहेर चहा झाला. पावसाचा विषय झाला, कापसाच्या भावाचा झाला, पुन्हा चहा झाला. सुलोचनाबाईंनी दारावरची नजर हलवली नाही. आतून फक्त अंकिताचा आवाज येत होता, तोही थांबून थांबून. मग तोही बंद झाला.

"बिनसलं," सदाशिवराव म्हणाले.

तेवढ्यात नयनचा आवाज आला. आधी अडखळत, मग सलग. मध्येच रडल्यासारखा, शेवटी चक्क हसल्यासारखा.

"बोलून राह्यला जी," सुलोचनाबाई कुजबुजल्या आणि पदर डोळ्याला लावला.

"जमलं!" सदाशिवरावांनी मांडीवर थाप मारली.

नयन बाहेर आला. डोळे लाल होते. "आई, लय भूक लागली. पोहे उरले काय?"

सुलोचनाबाईंनी आपली न खाल्लेली प्लेट त्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्यानेच संपवली.

"पुढच्या गुरुवारी येतो," तो अंकिताला म्हणाला.

"चार वाजता."

"पुन्हा कशाले? पसंत हाय का नाई, तेवढं सांग न लेका!"

"लय पसंत हाय, काकाजी," नयन म्हणाला आणि पायऱ्या उतरला. मागून सगळे उतरले.

अंकिताने फ्रीजवरच्या डब्यातून मंगळसूत्र काढलं, गळ्याला लावलं आणि मुकेशकडे पाठ केली. तो आकडा अडकवत होता, तेवढ्यात दार ढकलून सदाशिवराव आत आले. दुपट्टा विसरले होते.

त्यांनी मंगळसूत्राकडे पाहिलं. मुकेशकडे पाहिलं. दुपट्टा उचलला आणि सावकाश घडी घातली.

"राहू द्या, बाप्पा, सांगू नका काई. आमच्या गावचे तीन पोट्टे तुम्हाले पाहून गेले. तिघंही सुधरले. लग्न एकाचंही नाई झालं. मले काय समजत नाई?"

खाली हॉर्न वाजला. सदाशिवरावांनी आवाज खाली आणला.

"बुधवारी पाहायले आलो त चालते काय?"

"नवरदेव कोण?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मीच."

"आणि सोबत?" अंकिता म्हणाली.

"घरवाली येते न. वरमाय म्हणून."