सात छेद सहा

“आई इथंच थांबेल. तिला वाघातलं काय कळतं?” असं म्हणून गोंदियाचे केशोराव जिप्सीत चढले आणि पुढची जागा धरून बसले.

नागझिऱ्याच्या गेटवर सकाळचे सहा वाजले होते. गाडीत पर्यटकांच्या जागा सहा आणि माणसं सात. केशोरावांची आई, सुशीलाबाई, गळ्यात नवी कोरी दुर्बीण अडकवून खालीच उभी राहिली. तिनं दुर्बीण तेवढी पदराखाली सारली.

गाईड दुर्गेश्वरी पाहत राहिली. या सात आणि सहानं तिला कालपासूनच छळलं होतं. वनरक्षकाची परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली, आणि सहावीतली लेक पुष्पांजली तिला अपूर्णांक शिकवत होती. खालचा छेद, म्हणजे भाकरीचे तुकडे किती केले. वरचा अंश, म्हणजे त्यातले घेतले किती. अंश लहान होता तोवर दुर्गेश्वरीचं बरं चाललं होतं. मग लेकीनं वर सात लिहिले, खाली सहा. याला अंशाधिक म्हणतात, म्हणाली.

“तुकडे सहाच हायेत, त सातवा कोठून आनू?” दुर्गेश्वरीनं विचारलं. पुष्पांजलीनं थेट शाळेतल्या बाईंसारखा कपाळाला हात लावला आणि तेवढं पाठ करून टाक म्हणून सांगितलं.

आता तो सातवा दुर्बीण झाकून समोर उभा होता. तेव्हा कुठं दुर्गेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाकरी एकच असायला हवी, असं कुठं लिहिलंय? एक गाडी पूर्ण भरली, आणि दुसऱ्या गाडीतली सहातली एक जागा. यात चुकलं कुठं?

मागच्या जिप्सीतून तिथला गाईड राहुलनं हाक दिली, आपली अर्धी गाडी रिकामी आहे म्हणून. म्हणजे तीन जागा. तीन छेद सहा आणि एक छेद दोन, दोन्ही एकच. काल हेच उदाहरण तिचं पाच वेळा चुकलं होतं.

तिनं केशोरावांना सांगितलं की गेटवर कुणालाही बसवून ठेवायची गरज नाही, एकाचं तिकीट काढा, मागच्या गाडीत जागा आहे. केशोराव खूश झाले. मग आईलाच पाठवा तिकडं, म्हणाले, तिला ओळखी करायची हौस आहेच. स्वतः मात्र जागचे हलले नाहीत.

दुर्गेश्वरीनं बुकिंगचा कागद मागितला. नावं तर तपासावी लागणारच होती. ती एकेक नाव वाचत गेली आणि माणसं हो म्हणत गेली. पाच झाली. सहावं नाव सुशीलाबाईंचं निघालं. कागद तिथंच संपला.

मागच्या सीटवर केशोरावांची लेक चेतना ओढणीशी चाळा करत हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही येत नाही म्हणाला होतात. म्हणून मी आजीचं नाव टाकलं.”

दुर्गेश्वरीनं कागदाची घडी घातली आणि सुशीलाबाईंना चढायला हात दिला.

“साहेब, गाडी पूर्ण भरली,” ती म्हणाली. “वरचे एक, ते तुमीच.”