निळ्यावर काळं

"रेघ हिची. तो आपला मागून गिरवतो."

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आई हे सांगायची. बायका नूपुरच्या हनुवटीला हात लावायच्या. आणि धाकटा केयूर जमिनीवर पालथा पडून, जिभेचं टोक बाहेर काढून, ताईच्या पेन्सिलीच्या रेघांवरून खडू फिरवत राहायचा.

आता कोलकात्यात, बालीगंजच्या त्याच खोलीत, केयूरचा बंगाली मित्र सौरभ स्टँडवर मोबाइल चढवत होता. केयूरच्या कॉमिकला हात लावायला कुठलाच प्रकाशक तयार नव्हता. तेव्हा इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचा, आवडेल त्याने आगाऊ पैसे भरायचे आणि त्यातून पुस्तक छापायचं, असं दोघा मित्रांनी ठरवलं होतं. व्हिडिओत दाखवायचं ते शेवटचं पान, शाई चढता चढता.

गोष्ट अशी. जुन्या काळी एक काऊबॉय जहाजातून घोडे घेऊन हुगळीच्या धक्क्यावर उतरतो. घोडे बराकपूरच्या छावणीत पोचवायचे. वाटेत राखणीला मिळतो एक सामुराई, धनी गमावलेला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. पानोपानी घोडे कमी होत जातात, आणि उरल्या एका घोड्यासाठी दोघं नदीच्या चिखलात समोरासमोर उभे राहतात.

हा चिखल, हे घोडे, हे दोघं नूपुरने काढले होते. बराकपूरला शाळेत चित्रकला शिकवून घरी आली की ती फिकट निळ्या पेन्सिलीने पानं काढायची आणि रविवारी इथे आणून द्यायची. केयूर त्यावर ब्रशने काळी शाई चढवायचा. स्कॅन करताना निळं गाळून टाकायचं, की उरतं फक्त काळं. या कामाची रीतच तशी.

"ताई, जरा बाजूला. तुमचा सावली येतोय कागदावर."

"तुमची सावली," केयूर म्हणाला.

"हां, तेच. मराठी नंतर शिकव रे, आधी तुझं पुस्तक तर निघू दे. ताई, हे धरता का?" सौरभने नूपुरच्या हातात दिवा दिला.

नूपुरने दिवा धरला.

"ते निळं काहीच दिसत नाही बघ," मोबाइलमध्ये डोकावत सौरभ म्हणाला. "कागद कोरा वाटतो. आणि तू ब्रश फिरवलास की आतून माणूस उगवतो! पब्लिक वेडी होणार."

"कोरा कसला? ताईचं आहे ना खाली. कच्चं ती काढून देते."

कच्चं.

त्या एका घोड्याच्या मानेचा बाक साधेपर्यंत तिने कितीतरी कागद फाडले होते. सियालदहला गाडी बदलतानाही ती एकच वाक्य मनात घोकत होती: मुखपृष्ठावर 'चित्रं: नूपुर' असं हवं, आणि तेही केयूरच्या नावाच्या आधी. वाक्य जिभेवर तयार होतं. पण दिवा हातात घेऊन असं काही मागता येत नाही.

केयूरने ब्रश टेकवला. सामुराईची पाठ उभी राहिली, वाऱ्याने फुगलेल्या झग्यातली. मग काऊबॉयची टोपी, खांदा, बाही. नूपुर डोळ्यांत तेल घालून चूक शोधत होती. एकदा, एकदाच याचा हात हलू दे. एक तरी थेंब सांडू दे. पण रेघ पाण्यावरून बदक जावं तशी जात होती.

काऊबॉयच्या मनगटाशी ब्रश थांबला.

निळ्यात तिने पिस्तुलावर आवळलेली मूठ काढली होती. केयूरने ती क्षणभर पाहिली आणि सोडून दिली. शेजारच्या कोऱ्या जागेत त्याने अंगठा काढला, मग एकेक बोट. पिस्तूल कमरेलाच राहिलं. हात रिकामा आणि उघडा.

चुकला! नूपुरला आतून उकळी फुटली.

मग तिने पुन्हा पाहिलं. समोरच्या सामुराईची एकही रेघ बदलली नव्हती, तरी तो आता वेगळाच दिसत होता. मरायला नाही, कुणीतरी 'थांब' म्हणेल म्हणून उभा राहिल्यासारखा. सगळं पान बदललं होतं. हे मला का नाही सुचलं? चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

सौरभ मोबाइल सोडून कागदावर वाकला. मग हळूच म्हणाला, "हा हात... हे कुणाला सुचलं?"

"ताईचंच आहे सगळं," पाण्यात ब्रश बुडवत केयूर म्हणाला. "तिलाच विचार."

तो मोठेपणा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, लहानपणापासून.

सौरभने मोबाइल नूपुरकडे वळवला. "सांगा ना ताई. ऐन मारामारीत हात उघडा का ठेवलात?"

घटकाभरात पान स्कॅनरखाली गेलं असतं आणि निळं पुसलं गेलं असतं. मग कुणालाच काही कळलं नसतं. केयूर मान वर करून, कौतुकाने, तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

नूपुरने दिवा टेबलावर ठेवला.

"तो हात माझा नाही," ती म्हणाली. "त्याचा आहे. मी मूठ आवळली होती."