साफसफाई

नवशिक्या पोरीची रायफल एकच गोळी झाडून गप्प बसली, तसा उस्तादांचा पारा चढला. “सकाळी वर्गात घसा कोरडा करून सांगितलं ना? गोळीमागचा वायू पिस्टनला ढकलतो, रिकामं काडतूस उडतं, नवं चढतं. नळी काजळीने तुंबली की सगळं ठप्प. पुसायला हात झिजतात का?” अख्ख्या तुकडीदेखत त्यांनी तिला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या. संध्याकाळच्या हजेरीनंतर ती लंगडत शस्त्रागारात आली. “उस्ताद, रायफल उघडली तर पिस्टनच नव्हता. वर्गात सापडला, फळ्याखाली, खडूंच्या शेजारी.” सकाळी तिचीच रायफल खोलून उस्तादांनी पिस्टन छडीसारखा फळ्यावर आपटला, आणि तो न बसवताच रायफल जोडली होती. “हजेरीतच का नाही सांगितलंस?” “सगळे होते, उस्ताद.” त्यांनी मान खाली घालून हात पुढे केला. पिस्टन तिने लखलखीत पुसून आणला होता.