कपाळावरची राख

आमच्या जुन्या अँग्लिकन चर्चच्या मागं कढईत झावळीचे वाळके क्रूस तडतडत होते आणि मी ते उलथन्यानं खालीवर करत होते. झावळ्यांच्या रविवारी मिळालेले हे क्रूस लोक वर्षभर घरी ठेवतात, मग परत आणून देतात. त्यांची राख राखेच्या बुधवारी पाळकसाहेब सगळ्यांच्या कपाळाला लावतात. यंदा ते मला म्हणाले, “तू केमिस्ट्रीवाली, जाळायचं काम तुझं.”

पप्पांचा क्रूस मात्र मम्मीनं दिला नव्हता. नाताळाआधी पप्पा गेले, तेव्हापासून तो त्यांच्या फोटोमागं खोचलेला होता. मागितला की ती विषय बदलायची. आणि आता आच मंदावत असताना ती रिक्षातून उतरली, पर्समधून क्रूस काढून माझ्यापुढं धरला.

“हाही घाल.”

“नक्की, मम्मी?”

“सगळ्यांचे गेले. त्यांचाच एकटा कशाला मागं ठेवायचा?”

दुसऱ्या दिवशी उपासनेत माझं लक्षच नव्हतं. मी एकेक कपाळ निरखत होते. राख तर सगळी एकजीव झालेली. मग ऑर्गन वाजवणाऱ्या साळवे आंटींच्या वाट्याला पप्पा किती आले असतील? आणि पंख्याच्या वेगावरून ज्यांच्याशी ते दर रविवारी भांडायचे, त्या खजिनदार अंकलच्या?

तिथून तशीच कॉलेजात प्रॅक्टिकलला पळाले. ब्युरेट भरताना माझी पार्टनर गार्गी थबकली आणि तिनं रुमाल काढला.

“थांब गं, कपाळाला काजळी लागलीये.”

मी पटकन मागं सरकले.

“राहू दे. पप्पा असतील त्यात.”