शिपायाची जागा

शाळेचा शिपाई निवृत्त झाला आणि त्याच जागेसाठी गणिताच्या मास्तरांनी अर्ज केला. बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवूनही त्यांची कमाई शिपायाच्या निम्मी होती. घरी आईच्या हृदयाच्या गोळ्या ते अर्ध्या तोडून देत होते. अर्ज वाचून हेडसर उडालेच. "अहो मास्तर, शिक्षण आठवी पास? पोरांना खरं बोलायला शिकवता आणि स्वतः असं लिहिता?" "जास्त शिकलेला चालणार नाही, असं जाहिरातीत आहे, सर. आणि आठवी पास तर मी झालोच होतो. पुढं शिकत गेलो, तिथंच फसलो." "बरं, तुम्ही घंटा वाजवत बसलात तर गणित कोण शिकवणार?" मास्तरांनी हात जोडले. "मीच की, सर. घंटा दिली, पाणी भरलं, की पळत वर्गावर जाईन. त्याचा पगार देऊ नका. पण तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नका."