आवळलेली मूठ

करवतीत उजवा हात कोपराखाली गेला त्याला वर्ष उलटलं, पण सुताराच्या त्या नसलेल्या हाताची मूठ काही सुटत नव्हती. नखं तळव्यात रुतल्यासारखी कळ यायची आणि तो बायकोला म्हणायचा, "अगं, उघड ना ती!"

शेवटी डॉक्टरांनी काखेत इंजेक्शन दिलं. "हे औषध नसेतून जाणारा निरोप वाटेतच अडवतं. कळ डोक्यापर्यंत पोचणारच नाही." अर्ध्या तासानं त्यांनी तुटलेल्या हाताच्या उरलेल्या टोकाला सुई टोचून पाहिली. त्याला पत्ताही लागला नाही. बायकोचा जीव भांड्यात पडला.

"आणि मूठ?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवळलेलीच आहे."

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. "नस पूर्ण बधिर झालीय, वहिनी. म्हणजे कळ आता मेंदूतच घर करून बसलीय. तिथं हे इंजेक्शन पोचत नाही. पुन्हा पुन्हा टोचून उपयोग नाही."

ती आत आली तेव्हा तो डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत होता. "काय म्हणाले गं?"

त्याच्याकडे न बघता तिनं उरलेली बटणं लावली. "आज डोस जरा कमी पडला म्हणाले. पुढच्या महिन्यात मोठं इंजेक्शन देणार आहेत."

"मग काढतो महिना कसातरी," तो म्हणाला.